गावाची राखण : कुणी केली, कुणाची केली



दिवाळी उरकते, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, घरातली माणसे ऊसतोडीच्या आणि सुगीच्या धांदलीत शिवारात अडकतात. घरे दिवसभर बंद राहतात आणि विहिरीवरच्या मोटारी रात्रभर राखणीविना. नेमके याच दिवसांत चोऱ्यांच्या बातम्या येऊ लागतात. कुठे मोटारीची केबल कापून नेली, कुठे दागिने पॉलिश करून देतो म्हणून म्हातारीच्या पाटल्या लांबवल्या, कुठे भरदिवसा कुलूप तोडले. मग गावात बैठक लागते. पोलीस ठाण्याचे साहेब येतात, सरपंच असतात, पोलीस पाटील असतात. ग्राम सुरक्षा दलासाठी तरुण पोरांची नावे लिहिली जातात, शिट्टी, काठी, बॅटरी ठरते आणि रात्रीची गस्त सुरू होते.

चांगलीच गोष्ट आहे ही. पण या बैठकीला बायका किती असतात? असल्या तरी बोलतात किती? आणि ‘गावाची राखण’ म्हणतो तेव्हा त्या गावात कोण कोण धरलेले असते? आजच्या भाषणात मी ही राखणीची गोष्ट मागून पुढे, जुन्या काळापासून आजपर्यंत सांगणार आहे. पोलीस आणि गावकरी यांनी मिळून गुन्हे रोखायचे ही कल्पना सरकारी परिपत्रकातून जन्मली असे आपल्याला वाटते. खरे तर ती आपल्या मातीत फार जुनी आहे. तिच्यात शहाणपण भरपूर आहे, आणि अन्यायही आहे. दोन्ही माहीत असले तरच आपल्या गावाचे दल नीट बांधता येईल.

वेस, चावडी आणि चोराचा माग

पूर्वी गावाला वेस होती. दिवस मावळला की दरवाजा बंद. दरवाज्यापाशी वेसकर बसायचा. तो महार समाजाचा असायचा. गावात कोण आले, कोण गेले, कुणाकडे पाहुणा उतरला, हे सगळे त्याच्या डोक्यात असायचे. रात्रीच्या पहाऱ्याला जागल्या असायचा. पुणे-सातारा भागात हे काम रामोशी करायचे, आपल्या दक्षिणेकडच्या भागात बेरडही करायचे. या सगळ्यांवर गावचा पाटील. महसूल गोळा करणेही त्याच्याकडे आणि बंदोबस्तही त्याच्याकडे.

पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणीची पद्धत नोंदवलेली आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला, की तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा. तिथून जबाबदारी त्या गावाची. त्यांनी माग पुढे नेऊन दाखवला तर ते मोकळे, आपल्याच शिवेत तुटला तर त्यांनी उत्तर द्यायचे. चोर सापडलाच नाही तर राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे नुकसान भरायचे आणि उरलेले गावावर बसायचे.

बायांनो, हा नियम जरा आपल्या बचत गटाच्या डोळ्यांनी बघा. एका सभासदाचे कर्ज थकले तर बाकीच्या नऊ-दहा जणी मध्ये उभ्या राहतात, कारण बँकेने कर्ज गटाला दिलेले असते. गावाची राखणही अशीच होती. चोरी एका घरी झाली तरी तिचा भार सगळ्यांवर. त्यामुळे कुणीही ‘माझ्या घरात तर नाही ना झाली’ म्हणून पांघरूण ओढून झोपू शकत नव्हते.

पण याच व्यवस्थेची दुसरी बाजू बघा. रात्रभर जागणारा वेसकर गावात राहायला नव्हता, तो वेशीबाहेर महारवाड्यात राहायचा. त्याचा मोबदला काय? थोडी वतनाची जमीन, सुगीला बलुते, आणि रोज घरोघरी फिरून मागायची भाकरी. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचे, त्याला गावच्या पाणवठ्यावर घागर भरायची मुभा नव्हती. त्याच्या घरातल्या बाईची राखण कुणी करायची, याचा नियम त्या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

राखणदारच गुन्हेगार ठरले

इंग्रज आल्यावर राखणीची घडी विस्कटली. त्यांना गावाचा सारा हवा होता. जुनी वतने आणि हक्क त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. पुरंदरच्या बाजूला रामोश्यांचे राखणीचे हक्क गेले आणि उमाजी नाईकांनी बंड उभारले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिले. आपल्या कोल्हापुरातही तेच घडले. गडांची पिढ्यान् पिढ्या राखण करणारे गडकरी होते. त्यांच्या जमिनी आणि हक्कांवर गदा आली तेव्हा १८४४ साली गडहिंग्लजजवळचा सामानगड आणि गारगोटीजवळचा भुदरगड इथल्या गडकऱ्यांनी हत्यार उचलले. इंग्रजी फौजेने ते बंड मोडून काढले. आज सामानगडावर आपण सहलीला जातो, त्या दगडांत राखणदारांची ही कहाणी आहे.

पुढे तर याहून वाईट झाले. १८७१ साली इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमाती’ कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. काही जमातींची माणसे जन्मानेच गुन्हेगार, असे हा कायदा मानायचा. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, बेरड अशा कितीतरी समाजांच्या माणसांना रोज पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवाना काढायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. तिला लोक सेटलमेंट म्हणत. चोरी कुणीही करो, पोलीस पहिल्यांदा जायचे ते यांच्याच पालावर.

ज्यांच्याकडे पूर्वी राखण होती, त्यांतल्या काहींच्याच नावाची नोंद आता चोरांच्या वहीत झाली. ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण आजही गस्तीच्या बैठकीत ‘माळावर पालं पडल्यात, तिकडं लक्ष ठेवा’ असे सहज बोलले जाते. हे वाक्य कुठून आले ते आपल्याला कळले पाहिजे.

करवीर संस्थानाने धरलेली वेगळी वाट

याच काळात आपल्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी उलटी वाट धरली. १९१८ साली त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांची हजेरी बंद केली. त्याच वर्षी महार वतन खालसा करून त्या जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर रयतावा केल्या. म्हणजे राबणूक गेली आणि जमीन हक्काची झाली. कुलकर्णी वतन बंद करून त्या जागी पगारी तलाठी नेमले. फासेपारध्यांना तर त्यांनी जवळ केले, सोनतळीला वसवले आणि पहाऱ्याच्या कामावर घेतले. साऱ्या देशात ज्यांच्यावर पहारा बसवला होता, त्यांच्याच हाती महाराजांनी पहारा दिला.

यात भाबडेपणा नव्हता, अनुभवाचा हिशेब होता. माणसाला भाकरी आणि मान मिळाला की चोरीची गरजच कमी होते. आणि ज्याला रानातली प्रत्येक वाट ठाऊक आहे त्याच्यासारखा राखणदार दुसरा कोण? गुन्हा घडल्यावर धरपकड करण्याआधी तो का घडतो ते बघायचे, हा विचार शंभर वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरात प्रत्यक्ष वापरला गेला.

अजून एक गोष्ट. १९१९ साली महाराजांनी स्त्रियांना घरात क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा केला. घरात बाईला होणारा छळ हाही गुन्हा आहे आणि राज्याने त्यात पडले पाहिजे, असे त्या काळी म्हणणे सोपे नव्हते. बाकी देशाला तिथे पोचायला फार वर्षे लागली. सासरच्या छळाबद्दलचे ४९८ अ कलम १९८३ साली आले आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला. ‘नवरा-बायकोच्या भांडणात पोलिसांचे काय काम?’ असे आजही चावडीवर कुणी म्हणाले, तर त्याला एवढेच सांगा, की आपल्या राजाने याचे उत्तर १९१९ सालीच दिले आहे.

पाटील ते पोलीस पाटील

आता इंग्रजी मुलखात काय चालले होते ते पाहू. १८६७ साली मुंबई सरकारने ग्राम पोलीस कायदा केला. त्याने गावच्या पाटलाला पोलिसांशी जोडले. गावात गुन्हा झाला तर ठाण्याला कळवणे, चोर धरणे, पंचनामा करणे ही कामे त्याच्याकडे आली. पण पाटीलकी घराण्यात चालायची. बापानंतर मुलगा. तो शहाणा असो की नसो, न्यायी असो की नसो.

स्वातंत्र्य मिळाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. १९५८ च्या कायद्याने राज्यभरातली महार वतनासारखी कनिष्ठ वतने गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली. आणि १८६७ च्या कायद्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६७ साली, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम झाला. त्यातून आजचा पोलीस पाटील आला. पद घराण्याचे राहिले नाही. अर्ज करायचा, लेखी परीक्षा द्यायची, तोंडी परीक्षा द्यायची, आणि प्रांताधिकारी नेमणूक देतात.

मैत्रिणींनो, यातली मोठी गोष्ट म्हणजे या पदावर आता बायकाही आहेत. जे पद पिढ्यान् पिढ्या मिशीवाल्यांचे मानले गेले, तिथे आज आपल्यातल्या लेकी-सुना बसतात. भरतीची जाहिरात निघाली की गटातल्या शिकलेल्या मुलींना ती दाखवा. पोलीस पाटील बाई असली तर रात्री मार खाल्लेल्या बाईला सकाळी तिच्या दारात जाऊन बोलता येते.

पोलीस पाटलाच्या कामात गुन्ह्याची खबर देणे तर आहेच, शिवाय गावातल्या लोकांचे आरोग्य आणि गावाची एकूण परिस्थिती याची माहिती वर कळवणेही आहे. म्हणजे बेकायदा दारूचा गुत्ता, साथीचा रोग, बेवारस सापडलेले मूल, या सगळ्याशी त्याचा संबंध येतो.

गावकऱ्यांना राखणीत घेण्याचे आणखी मार्गही याच काळात तयार झाले. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत होमगार्ड दल स्थापन झाले. दंगलीच्या दिवसांत पोलिसांच्या मदतीला सामान्य नागरिक असावेत, म्हणून. पुढे गावासाठी ग्राम संरक्षण दलाची तरतूद पोलीस कायद्यातच झाली. आज ज्याला आपण ग्राम सुरक्षा दल म्हणतो, त्याचे मूळ हे आहे. तेव्हा हे दल म्हणजे चार पोरांची हौस समजू नका. त्याला कायद्याचा आधार आहे, आणि आधार आहे तिथे मर्यादाही आहे. त्या मर्यादेकडे पुढे येते.

बायकांना ठाणे परके का वाटले

एवढी सगळी व्यवस्था झाली, तरी बाई पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरते. का? या भीतीलाही इतिहास आहे.

१९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीसच होते. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. ‘मथुरा खटला’ म्हणून तो देशभर गाजला. कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली न्यायालयाला उघड पत्र लिहिले, गावोगावच्या, शहरोशहरच्या बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. पोलिसांच्या ताब्यात असताना झालेला अत्याचार हा वेगळा आणि गंभीर गुन्हा ठरला.

आज बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी येऊन विचारायचे असते. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अपवादाची वेळ आली तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. हे हक्क कुणी आयते दिलेले नाहीत.

त्यानंतर पोलीस आणि बायका यांना जोडणाऱ्या गोष्टी हळूहळू सुरू झाल्या. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाज विज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. ठाण्याच्याच आवारात समाजकार्य शिकलेली बाई बसते, आलेल्या बाईला पाणी देते, ऐकून घेते, तक्रार लिहायला मदत करते. हा प्रयोग पुढे राज्यात पसरला. महिला दक्षता समित्या आल्या, निर्भया पथके आली.

दारूच्या बाबतीत तर बायकांनी सरकारलाच वाट दाखवली. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, राज्य उत्पादन शुल्क खाते सह्या तपासते, मग गुप्त मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचे दुकान बंद. लक्षात ठेवा, निम्म्या म्हणजे यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्या. ज्या बाया त्या दिवशी रोजगाराला गेल्या, त्यांचे न झालेले मत दुकानदाराच्याच पदरात पडते. म्हणून प्रचारापेक्षा मतदानाच्या दिवशी बाया घराबाहेर काढणे मोठे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा दारू रोखायला ग्रामरक्षक दलही आले. रात्रीच्या चोरीपेक्षा रोजच्या दारूने किती घरे लुटली, याचा हिशेब कुठल्या ठाण्यात नसतो, पण तो आपल्या प्रत्येक गटाच्या थकबाकीच्या रकान्यात दिसतो.

भिवंडीने काय शिकवले

पोलीस आणि लोक एकत्र आले तर काय होऊ शकते, याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण भिवंडी. यंत्रमागांचे गाव, आपल्या इचलकरंजीसारखेच. तिथे १९७० आणि १९८४ साली हिंदू-मुसलमान दंगलींत पुष्कळ माणसे मेली. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी बंदुका वाढवण्याऐवजी मोहल्ला समित्या बांधल्या. शहरभर सुमारे ७० समित्या. त्यांत नावाजलेले पुढारी घेण्याऐवजी साधी माणसे घेतली, दोन्ही धर्मांची. प्रत्येक समितीशी पोलिसांतला अगदी खालचा माणूस, हवालदार-शिपाई, जोडला. तो दर थोड्या दिवसांनी समितीत बसायचा. नळाचे भांडण, गटाराचे भांडण, पोरांची मारामारी, सगळे तिथे बोलले जायचे.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही आल्या. पण अफवा आली की विचारायला ओळखीचा शिपाई होता आणि ओळखीचा शेजारी होता. पुढे मुंबईतही माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला समित्यांचे काम उभे केले.

भिवंडीचा धडा साधा आहे. समिती दंगल झाल्यावर स्थापायची नसते, ती आधीपासून नळावरच्या भांडणात तयार झालेली असावी लागते. ७ जून २०२३ रोजी आपल्या कोल्हापूर शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या दिवशी दुकाने बंद झाली आणि हातावर पोट असलेल्या भाजीवाल्या, फुलवाल्या बायांचा रोज बुडाला. शाहू महाराजांच्या गावात असे व्हावे याचे सगळ्यांनाच वाईट वाटले. पण नुसते वाईट वाटून भागत नाही.

तंटामुक्ती : मिटवायचे काय आणि काय नाही

१५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा गृहमंत्री होते शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील, आपले आबा. ग्रामसभेने समिती निवडायची, पोलीस पाटील सोबत, ठाण्याचे अधिकारी मदतीला. बांधाचे वाद, वाटणीचे वाद, शिवीगाळ, किरकोळ मारामारी गावातच सामोपचाराने मिटवायची. तंटामुक्त झालेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. कित्येक गावांत वर्षानुवर्षांचे दावे मागे घेतले गेले. तारखेच्या फेऱ्या वाचल्या, एसटीचे भाडे वाचले, भाऊ-भाऊ बोलू लागले. हे खरे यश आहे.

पण बक्षीस आले की गावावर एक दडपण येते. तक्रार नोंदली तर गावाचे नाव खराब होईल. मग हे दडपण कुणावर येते? मार खाल्लेल्या सुनेवर, छेड काढलेल्या मुलीवर. ‘आपसात घ्या मिटवून, बाहेर कशाला?’ बांध दोघांचा असतो, एक फूट इकडे-तिकडे झाला तर तडजोड होते. बाईच्या अंगावरचा वळ तडजोडीने अर्धा होत नाही. अत्याचार, हुंड्याचा छळ, बालविवाह, जातीवरून केलेला अपमान, हे गुन्हे समितीने मिटवायचे नसतात, ठाण्याला कळवायचे असतात. तंटामुक्त म्हणजे तक्रारमुक्त नव्हे. ज्या गावात एकही तक्रार नाही, तिथे एक तर सगळे सुखी आहेत किंवा कुणीतरी गप्प बसवले गेले आहे. कोणते खरे, हे आपल्याला विहिरीवर, गटाच्या बैठकीत चांगले कळते.

राईनपाडा विसरू नका

आता ती मर्यादेची गोष्ट. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा गाव. आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागायला आली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून सगळीकडे फिरत होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही जण निरपराध होते. त्यांच्या मागे राहिलेल्या बायका आणि मुले आपल्यासारखीच. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे पुन्हा तसेच घडले. दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मेले.

या दोन्ही ठिकाणच्या लोकांना वाटत होते की आपण गावाची राखणच करतो आहोत. १८७१ च्या कायद्याने मनात पेरलेला संशय दीडशे वर्षांनी मोबाईलवरून उगवला. परक्या कपड्याचा, परक्या बोलीचा, भटका माणूस म्हणजे चोर, हे समीकरण कायदा रद्द झाल्याने पुसले गेले नाही.

म्हणून कायदा स्पष्ट समजून घ्या. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही धरू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. त्याला मारायचा, बांधून ठेवायचा, व्हिडिओ काढून फिरवायचा अधिकार कुणालाच नाही, सुरक्षा दलालाही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जात, समाज, भाषा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे. गस्तीला जाणाऱ्या आपल्या पोराला काठी देताना हे सांगा. आईने सांगितलेले त्याच्या जास्त लक्षात राहील.

मग आपण काय मागायचे

एवढा इतिहास ऐकल्यावर आपल्या गावाच्या बैठकीत काय बोलायचे, ते सांगते.

पहिले, बैठकीआधी महिला सभा घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा व्हावी अशी कायद्यातच तरतूद आहे. तिथे बायांना कुठे भीती वाटते ते विचारा. एसटी थांब्यावर दिवा नाही, शाळेच्या वाटेवर टवाळ पोरे बसतात, शौचालयामागे अंधार आहे, गुत्त्यावरून येताना शिव्या पडतात. पुरुषांच्या यादीत मोटार आणि केबल असते, आपल्या यादीत या गोष्टी असतील. दोन्ही याद्या एक करून ठाण्याला द्या.

दुसरे, सुरक्षा दलात बायकांची नावे घाला. रात्रीची गस्त घालायलाच हवी असे नाही. दिवसा घरे बंद असताना गल्लीत कोण फिरते हे म्हाताऱ्या आणि घरी असलेल्या बायांनाच दिसते. दिवसाची राखण त्यांच्याकडे द्या. मात्र संशय आला तर आधी पाणी विचारा, नाव-गाव विचारा, मग पोलीस पाटलांना फोन करा.

तिसरे, माळावर पाले उतरली तर गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन ओळख करून घ्या. त्यांची मुले शाळेत, अंगणवाडीत येतात का बघा. ओळख झाली की संशयाला जागा राहत नाही, आणि त्यांच्यातल्या बाईला कुणी त्रास दिला तर तिलाही यायला एक दार होते.

चौथे, बीट अंमलदाराचे नाव आणि नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तीन महिन्यांतून एकदा त्यांना ग्रामसंघाच्या बैठकीला बोलवा, काही घडलेले नसतानाच. भिवंडीचा धडा हाच होता.

पाचवे, घरातल्या हिंसेबद्दल. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शेजारीणही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर खटला होत नाही. रात्री शेजारच्या घरातून ओरडणे ऐकू आले तर गस्तीच्या पोरांनी त्या दारासमोर शिट्टी वाजवायची, आणि ११२ ला फोन करायचा. चोर आला तर वाजते, तीच शिट्टी.

सहावे, चोर आता वेशीतून येत नाही, फोनमधून येतो. कर्ज मंजूर झाले, आधार बंद होणार, मुलाला पोलिसांनी पकडले, असे फोन येतात. ओटीपी मागतात. पैसे गेले तर लगेच १९३० ला कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. हा नंबर बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत एकदा मोठ्याने म्हणा.

आणि हे सगळे ठराव म्हणून लिहून घ्या. ठरावाची ताकद काय असते ते आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरा दिवसांच्या आत सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचे परिपत्रक काढले. एका गावाचा कागद राज्याचा कागद झाला.

मैत्रिणींनो, वेसकर गेला, वेसही गेली. पण त्या काळाची एक गोष्ट ठेवण्यासारखी आहे, एका घरची चोरी ती सगळ्या गावाची चोरी. आणि एक गोष्ट कायमची सोडण्यासारखी आहे, राखण करणाऱ्यालाच वेशीबाहेर ठेवणे. येत्या ग्रामसभेत ग्राम सुरक्षा दलाचा विषय निघेल तेव्हा मागच्या सतरंजीवर बसू नका. पुढे बसा, यादी मागून घ्या, आणि तिच्यात कुणाकुणाची घरे धरली आहेत ते मोठ्याने वाचायला सांगा.